'द बुक ऑफ मॅजिक': सॅलीने मुलींपासून लपवलं ते बरोबर होतं का? (स्पॉयलर आहेत)

रानजाई

अ‍ॅलिस हॉफमनचं 'द बुक ऑफ मॅजिक' वाचून झालं. याबद्दल बोलायला आसपास कोणी नाही, म्हणून धागा काढतेय. शेवटापर्यंतचं सगळं यात येणार आहे. ज्यांचं वाचायचं बाकी आहे त्यांनी इथूनच परत फिरा.

पार्श्वभूमी थोडक्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात मॅग्नोलिया स्ट्रीटवर ओवेन्स बायकांचं जुनं घर आहे. संध्याकाळ झाली की गावातल्या बायका मागच्या दाराने येतात, कोणाला नवरा परत हवा असतो, कोणाला नको असतो. याच बायका दिवसाउजेडी समोरून आल्या तर रस्ता बदलतात. 1995 च्या 'प्रॅक्टिकल मॅजिक'मध्ये फ्रॅनी आणि जेट या दोन म्हाताऱ्या बहिणी आणि त्यांनी वाढवलेल्या सॅली आणि जिलियन या दोन पोरक्या मुली होत्या. मग 2017 मध्ये 'द रूल्स ऑफ मॅजिक' आणि 2020 मध्ये 'मॅजिक लेसन्स' आलं, दोन्ही मागच्या काळातली. 2021 चं हे चौथं मात्र गोष्ट पुढे नेतं. सॅलीच्या मुली कायली आणि अँटोनिया आता मोठ्या झाल्यात.

घराण्याला शाप आहे: जो ओवेन्स बाईवर प्रेम करेल, त्याचं वाईट होणार. सॅलीचे दोन नवरे गेलेत. तिने ठरवलं की मुलींना यातलं काहीच कळू द्यायचं नाही. शाप नाही, जादू नाही, आपण कोण आहोत तेही नाही. मग कायलीचा जिवाभावाचा मित्र गिडिअन गाडीखाली येतो, कोमात जातो, आणि तेव्हा कुठे तिला समजतं की तिच्या प्रेमाची किंमत तो मोजतोय. आईला हे आधीपासून ठाऊक होतं.

मला वाटतं पुस्तकाचा जीव इथे आहे. तो प्रसंग वाचताना कायलीचा राग मला अंगावर जाणवला. आई म्हणते मी तुला वाचवत होते, आणि मुलीला दिसतं की आपल्याला आंधळं ठेवलं होतं. दोघी खऱ्या आहेत हे मान्य, पण मी कायलीच्या बाजूची आहे. माहिती असती तर तिने काय करायचं ते तिने ठरवलं असतं. तो हक्क सॅलीने परस्पर वापरून टाकला.

आणखी एक गोष्ट पुढे कळते. व्हिन्सेंट, म्हणजे फ्रॅनी-जेटचा भाऊ, हा सॅली-जिलियनचा सख्खा आजोबा असतो आणि ते त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणजे सॅलीने मुलींशी जे केलं, ते तिच्याशी आधीच होऊन गेलेलं आहे. या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली खरी गोष्ट गप्प बसण्याची आहे. शाप त्यानंतर.

तुम्हाला काय वाटलं?

शेवरी

जेटचं मरण. मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

पहिल्याच प्रकरणात तिला कळतं की हातात सात दिवस आहेत, आणि ती रडारड न करता कामाला लागते. काय आवरायचं, कोणासाठी काय मागे ठेवायचं, कोणाला शेवटचं भेटायचं. माझ्या आज्जीने असंच केलं होतं, भांड्यांवर नावं घालून ठेवली होती, कोणतं कोणाला. हॉफमनबाईंना म्हातारपण लिहिता येतं. बाकी मतांसाठी नंतर येते.

उंबरठा

रानजाई, लिहिलंय मनापासून, पण सॅलीवर अन्याय करताय.

मी पस्तिशीत नवरा गमावला. मुलगी तेव्हा लहान होती. हे यासाठी सांगते की सॅलीच्या डोक्यात काय चालत असेल ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एकदा तसं झालं की तुम्ही मुलांकडे बघताना सतत पुढचं बघत असता. शाळेची बस दहा मिनिटं उशिरा आली की हातपाय गार. अशा वेळी मुलीला बसवून सांगायचं, की बाळा, तू ज्याच्यावर जीव लावशील तो जाणार? कोणत्या वयाला सांगायचं? सातव्या वर्षी? सतराव्या? आणि सांगितल्यावर ती कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवेल का?

पहिल्या पुस्तकात सॅली आत्यांचं घर सोडून लाँग आयलंडला जाते ते आठवतं का? तिथे तिला फक्त साधं आयुष्य हवं असतं. जेवणाची वेळ ठरलेली, मुलींच्या वेण्या घातलेल्या, शेजारी नावाने हाक मारणारे. लहानपणी शाळेत पोरं तिला बघून लांब व्हायची, ते तिच्या मुलींच्या वाट्याला यायला नको होतं. या बाईने 'लपवलं' म्हणणं मला जमत नाही. तिने मुलींना भीतीशिवाय वाढवलं. कायली गिडिअनवर इतकं मोकळेपणी प्रेम करू शकली ते त्यामुळेच.

कीटकायन

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण जेटला मृत्यू कसा कळतो त्याबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं.

तिला ऐकू येते ती टकटक करणारा भुंगेरा खरा आहे. इंग्लंडच्या जुन्या घरांत, चर्चच्या ओकच्या तुळयांमध्ये राहतो. अळी कित्येक वर्षं आतून लाकूड खात असते. प्रौढ भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी डोकं लाकडावर आपटतो, आणि तोच तो आवाज. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्या माणसांना शांततेत तो ऐकू यायचा, दिवसा गडबडीत कोणाच्या कानावर पडत नसे. त्यामुळे लोकांनी त्याचा संबंध मरणाशी जोडला. आपल्याकडे टिटवी ओरडली किंवा पाल चुकचुकली की घरातलं मोठं माणूस दचकतं, तसंच.

मला यात आवडलं ते असं की प्रत्यक्षात ती हाक प्रेमाची आहे. जोडीदाराला घातलेली साद आणि मरणाची वर्दी एकाच आवाजात, आणि ओवेन्स बायकांची सगळी गोष्ट तीच तर आहे. 'प्रॅक्टिकल मॅजिक'वरच्या सिनेमात सॅलीचा नवरा जायच्या आधी ती हा आवाज ऐकते आणि घराची लाकडी जमीन उपसून तो भुंगेरा शोधते. मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत भयंकर प्रसंग तो वाटतो, कारण त्यात जादू जवळजवळ नाहीच. एक बायको हातात सापडेल ते घेऊन लाकूड उचकटतेय, एवढंच.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे अजूनही बाईला 'डाकीण' ठरवतात. अक्कलकुवा, धडगाव बाजूच्या पाड्यांवर मूल आजारी पडलं, गुरं मेली, की कोणा एकीवर बोट दाखवायचं. ती बहुतेक वेळा विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर जमीन असते. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो आम्ही शाळेत मुलांना समजावून सांगतो. पण नाव पडलं की त्या बाईच्या मुलीलाही ते चिकटतं. लग्नाच्या वेळी हमखास निघतं, हिची आई कोण होती.

त्यामुळे चेटकीण म्हणजे सुवासिक बाग, काळा साबण आणि मांजर, असं वाचताना मला आधी त्रास झाला. पहिलं पुस्तक मी अर्ध्यात ठेवलं होतं. मैत्रिणीने 'मॅजिक लेसन्स' हातात दिलं तेव्हा मत बदललं. त्यात 1600 च्या शतकातलं इंग्लंडचं एसेक्स आहे, बर्फात टाकून दिलेली तान्ही मारिया, ओवेन्स घराण्याची मूळ बाई, आहे, आणि तिला उचलून पोटच्या पोरीसारखी वाढवणारी हॅना आहे. हॅना झाडपाला जाणते, बायकांना औषधं देते, आणि गावातले पुरुष तिला त्यापायीच मारतात. हे मला ओळखीचं आहे. त्या भागात 1645 पासून मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा माणूस खरोखरच चेटकिणी शोधत गावोगाव फिरत होता.

तेव्हा सॅलीबद्दल माझं मत उंबरठाताईंच्या बाजूला झुकतं. आईवर शिक्का बसला की मुलीला तो पुसता येत नाही, हे मी दर वर्षी वर्गात बघते. अशा आईने मुलीला घेऊन शहर गाठलं आणि मागचं नाव काढलं नाही, तर मी तिला कोणत्या तोंडाने चूक म्हणू?

रानजाई

सातपुडा, मनापासून आभार. या कोनातून मी बघितलंच नव्हतं.

पण एक विचारते. मारियाला हॅनाने सगळं शिकवलं होतं, कोणतं पान कशाला, कोणत्या माणसापासून सावध राहायचं. धैर्याचा चहा कसा करायचा हेसुद्धा: करंट, मसाले आणि थाईम. पुढे हॅना नाही उरली, पण ते सगळं मारियाबरोबर राहिलं आणि त्यावर ती जगली. हॅनाने तिला अंधारात ठेवून वाचवलं असतं का?

मधली_बहीण

इतके दिवस या संकेतस्थळावर फक्त वाचत होते. आज लिहितेय.

गेल्या वर्षी छातीत गाठ लागली. तपासणीला आई बरोबर आली होती. डॉक्टर अर्ज भरत होत्या आणि विचारत होत्या, घरात कोणाला कर्करोग? आईच्या आईला? मावशीला? आईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. ती म्हणाली, "नाही, कोणालाच नाही." डॉक्टरांनी चौकटीत फुली मारली आणि पुढचा प्रश्न विचारला.

परत येताना रिक्षात आई बोलली. आजीला झाला होता. माझी मोठी मावशी 'पोटाच्या आजाराने' गेली असं आम्हाला सांगितलं होतं, तिलाही तोच होता. आईला मी विचारलं, मग आत का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुझ्या बहिणींची लग्नं व्हायचीत."

माझी गाठ साधी निघाली. पण त्या दिवसापासून मी आईशी नीट बोलू शकले नव्हते, आणि का ते कोणाला सांगताही येत नव्हतं. कायली आईचं घर सोडून, शाप मोडायला ते काळ्या जादूचं पुस्तक उचलून इंग्लंडला निघून जाते ना, ते वाचताना मला वाटलं, हेच. मला कुठेतरी निघून जायचं होतं. राग आजाराचा नव्हता. सगळ्या बायकांना माहीत होतं, त्या एकमेकींत कुजबुजत होत्या आणि जिच्या अंगात ते असू शकतं तिलाच तेवढं सांगितलं नव्हतं, याचा होता.

उंबरठाताई, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, मला सॅली माफ करता येत नाही.

शेवरी

मधली_बहीण, बरं केलंत लिहिलंत. काळजी घ्या, आणि बहिणींच्याही तपासण्या करून घ्या, आई काहीही म्हणो.

उंबरठा

मधली_बहीण, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तुमच्या आईने जे केलं त्याला मी कधीच बरोबर म्हणणार नाही. ज्या गोष्टीवर इलाज आहे, जी वेळेत कळली तर माणूस वाचतं, ती लपवणं म्हणजे वाचवणं नव्हे. पण सॅलीजवळ इलाज नव्हता. शाप कसा मोडायचा ते तिला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं. जेटला त्याचा धागा सापडतो तो अगदी शेवटच्या दिवसांत. इलाज नसलेली गोष्ट मुलीला सांगायची की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझं उत्तर अजूनही तेच आहे.

तरी एक कबूल. सॅलीने मुलींना सांगितलं नाही इथवर मी तिच्याबरोबर आहे. कायलीने समोर उभं राहून विचारल्यावरही ती टाळाटाळ करते, तिथे माझाही हात सुटतो. मुलगी विचारते तेव्हा ती मोठी झालेली असते. तिथे आईने बोलायला हवं.

पानगळ

मी बॉस्टनजवळ राहते, सेलम इथून गाडीने फार लांब नाही. ऑक्टोबरात तिथे पाय ठेवायला जागा नसते, टोकदार टोप्या घातलेले पर्यटक सगळीकडे. गर्दी ओसरल्यावर तिथल्या स्मारकाशी नक्की जा. 1992 मध्ये, तिथल्या चेटकिणींवरच्या खटल्यांना तीनशे वर्षं झाली तेव्हा बांधलंय. दगडी भिंतीतून पुढे आलेली बाकं आणि प्रत्येकावर एक नाव, मरणाची तारीख. 1692 मध्ये एकोणीस जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. जाळलं कोणालाच नाही, तो गैरसमज आहे.

'मॅजिक लेसन्स'मध्ये मारियाला फसवणारा, तिला तो शाप उच्चारायला लावणारा जॉन हॅथॉर्न हा त्या खटल्यांतला खराखुरा न्यायाधीश. मारिया आणि तिची मुलगी फेथ अर्थातच कल्पनेतल्या. पण खऱ्या माणसाला मुलीचा बाप केल्यामुळे शापाला वेगळंच वजन येतं. जी मुलगी बापाने नाकारली तिच्या वंशात पुढे बापच टिकत नाहीत.

'सातपुडा' यांनी लिहिलंय त्याला जोडून: इथल्या नोंदींतही आई आणि मुलगी एकत्र सापडतात. सेरा गुडची मुलगी डॉरोथी चार-पाच वर्षांची होती, तिलाही तुरुंगात साखळदंड घातले होते. सेराला फाशी झाली. हे वाचल्यावर कादंबरीतली जादू मला सुंदर सजावट वाटत नाही, नुकसानभरपाई वाटते.

चौथी_सीमा

आई-मुलीबद्दल सगळे छान लिहितायत, पण कादंबरी म्हणून कोणी बघणार आहे का?

माझ्या मते पहिला तिसरा हिस्सा उत्तम, आणि सगळे इंग्लंडला पोचले की गाडी घसरते. टॉम लॉकलंड हा खलनायक पुठ्ठ्याचा आहे. त्याच्या वाडवडिलांवर गावाने अन्याय केला म्हणून त्याला गाव उद्ध्वस्त करायचंय, ठीक. पण त्याच्या मनात शिरायला लेखिकेला फुरसतच नाही, कारण दर दोन पानांनी कॅमेरा सॅलीकडे, मग जिलियनकडे, व्हिन्सेंटकडे, इअनकडे. अंगावर गोंदवलेला विद्वान इअन राइट मला आवडला, त्याचं आणि सॅलीचं जुळणं मात्र घाईघाईत उरकलंय. दोन नवरे पुरलेली बाई इतक्या लवकर?

शापाचंही सांगतो. 1995 च्या पुस्तकात शापाला एवढं महत्त्व नव्हतं. तिथे बायकांना प्रेमाची भीती वाटायची कारण त्यांनी मागच्या दाराने येणाऱ्या बायकांचे हाल पाहिलेले असायचे. 1998 च्या सिनेमाने शाप पुढे आणला, सॅन्ड्रा बुलक आणि निकोल किडमनचा तो, आणि नंतरच्या पुस्तकांनी तो कणा करून टाकला. मला जुनंच जास्त खरं वाटतं. प्रेमाला भ्यायला शाप लागत नाही.

रानजाई

इंग्लंडच्या भागाबद्दल अनुमोदन. टॉमची पानं मी भराभर उलटली. इअनबद्दल मात्र नाही. सॅली त्याला मरणाच्या दारातून ओढून आणते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यामुळे एखादा पुरुष वाचतो. ती त्याच्याकडे ओढली जाणार नाही तर काय?

आणि फ्रॅनी. शाप मोडायला ती स्वतःचा जीव देते, याबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

शेवरी

मी बोलते. मला ते पटलं नाही.

जेट सुरुवातीलाच गेली. फ्रॅनी शेवटी. दोघींना पोटची मुलं नाहीत. दोघींनी दुसऱ्याच्या मुलींना वाढवलं, न्हाऊ घातलं, त्यांच्या मुलींचंही केलं, आणि शेवटी किंमत मोजायची वेळ आली तर ती फ्रॅनीनेच मोजायची. आपल्या घरांतही एक लग्न न झालेली आत्या असते, सगळ्यांची बाळंतपणं तिनेच काढलेली असतात, आणि वाटणीच्या कागदावर तिचं नाव नसतं. मला वाटलं होतं निदान हॉफमनबाई तिला म्हातारपणी खुर्चीत बसून चहा पिऊ देतील.

कीटकायन

शेवरीताई, मी उलट वाचलं. फ्रॅनी आयुष्यभर सगळ्यांत सावध. 'रूल्स ऑफ मॅजिक'मध्ये हेलिनवर इतकं प्रेम असूनही शापाच्या धाकाने किती वर्षं वाया घालवते. तीच फ्रॅनी अखेरीस मागे-पुढे न बघता उडी घेते. कोणी तिला ढकललेलं नाही, तिने ते कोणाला विचारलेलंही नाही. त्यागमूर्ती म्हणून तिला मखरात बसवलं असतं तर मीही चिडलो असतो. ती शेवटपर्यंत फटकळ राहते हे मला फार आवडलं.

मधली_बहीण

मी यात शेवरीताईंबरोबर आहे. माझी जी मावशी गेली ना, ती तशीच होती.

फ्रॅनीने जाण्याआधी सगळ्यांना सगळं सांगायला हवं होतं. जीव नंतर दिला असता तरी चाललं असतं.

नवा_पाहुणा

धागा वाचून पुस्तकं घ्यायची ठरवलीत. स्पॉयलर वाचून झालेत, त्याचं काही नाही. कोणत्या क्रमाने वाचू? आणि दुसरा सिनेमा येणार म्हणतात तो याच पुस्तकावर का?

चौथी_सीमा

प्रकाशनाच्या क्रमाने वाचा: 'प्रॅक्टिकल मॅजिक', 'रूल्स', 'लेसन्स', मग हे. काळाच्या क्रमाने 'मॅजिक लेसन्स' आधी येतं, पण त्यापासून सुरुवात केलीत तर म्हाताऱ्या आत्यांबद्दलचं कुतूहल राहणार नाही. दुसऱ्या सिनेमाची घोषणा 2024 मध्ये झालीय. पहिल्या सिनेमात सॅलीच्या मुली अगदी लहान दाखवल्या होत्या, पहिल्या पुस्तकात त्या तेरा आणि सोळा वर्षांच्या आहेत, एवढं लक्षात ठेवा म्हणजे गोंधळ होणार नाही.

सातपुडा

एक राहिलंच. सगळे कायलीबद्दल बोलतायत, अँटोनियाचं काय?

सॅलीने तिच्यापासूनही तेच लपवलं होतं. ती वैद्यकीय शिक्षण घेतेय, पोटात मित्राचं मूल आहे, लग्नाचा विचार नाही, तिला बायकाच आवडतात. सगळे इंग्लंडला धावतात तेव्हा ती मागे राहते आणि गिडिअनकडे लक्ष ठेवते. तिला राग येत नाही का? की तिने तो दाखवायचाच नाही असं ठरवलंय, आईसारखंच? मला वाटतं पुढचं पुस्तक खरं तर तिच्या बाळाचं असायला हवं. ज्यांनी तिची पानं लक्ष देऊन वाचलीत त्यांनी लिहा, मला त्यावर बोलायचंय.